अनुभव धागा: चाळीतली कंदील स्पर्धा, बाजी नक्की कुठे मारली जाते?

दिवाळी तोंडावर आली की गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत दोन गोष्टी लपवल्या जातात: चकलीचा डबा आणि यंदाच्या कंदिलाचे रंग. मजल्यामजल्यांत आणि समोरासमोरच्या चाळींत लागणाऱ्या या चुरशीवर हा धागा. विषय एकच, घरी बांधलेला पारंपरिक चौकोन-त्रिकोणी आकाशकंदील. विकतचे कंदील, थर्माकोल (२०१८च्या बंदीपासून तो तसाही बाद) आणि "आमच्या लहानपणी" हे तिन्ही इथे नकोत. मापं लिहा, साहित्य लिहा, काय फसतं आणि का फसतं ते लिहा. आपल्या मजल्याची बढाई चालेल, पण कारणासकट.

कामटीवाला, गिरगाव

बाजी सांगाड्यातच लागते. बाकी सगळी रंगरंगोटी.

सहा चौकोन घ्यायचे. चार चौकोन कोपऱ्यावर उभे करून टोकाला टोक लावत गोल फिरवायचे, एक वर, एक खाली. मधले आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. काड्या २४, सांधे १२. काडी ९ इंची धरली तर कंदील पावणेतेरा इंच उंच आणि तेवढाच रुंद होतो. गॅलरीत टांगायला हे माप पुरे. १२ इंची काडीचा १७ इंची होतो, तो चाळीच्या दारावर शोभतो, गॅलरीत येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लागतो.

काडी म्हणजे कामटी, बांबूची चिरलेली पट्टी: ५-६ मिमी रुंद, २-३ मिमी जाड. बुरुडाकडे सुकलेलीच मागा. ओली कामटी बांधताना छान वळते, पण सुकताना आकसते आणि सांध्यावरचा दोरा सैल पडतो. काडीच्या मधोमध बांबूची गाठ येऊ देऊ नका, तिथे कागद उचलला जातो. सालीची बाजू सगळ्या काड्यांची बाहेर.

काडी १० इंच कापा, दोन्ही टोकांना अर्धा अर्धा इंच सोडून खूण करा. जुन्या पाटावर ९ इंची चौकोन आखून कोपऱ्यांवर खिळे ठोका आणि सहाही चौकोन त्याच साच्यात बांधा. मोजपट्टीने एकेक बांधलात तर दर चौकोनात दीड-दोन मिमीचा फरक राहतो, चार चौकोनांच्या पट्ट्यात तो साठत जातो आणि शेवटचं टोक जुळत नाही. मग लोक ते ओढून बांधतात, नि कंदील जन्मभर तिरका. दोरा सुती, मेण लावलेला. नायलॉन बांबूवर घसरतो. फुलीची बांधणी, सहा-सात वेढे, बाहेर राहिलेली टोकं शेवटी उडवायची.

आता मुख्य गोष्ट. सांगाडा बांधला म्हणजे ताठ झाला असं नाही. त्रिकोण जागचे हलत नाहीत, पण चौकोन शंकरपाळ्यासारखे तिरपे होतात. वरून हलकंसं दाबून बघा, अख्खा कंदील पीळ घेत खाली बसतो. म्हणून कागद लावण्याआधी प्रत्येक चौकोनात आतल्या अंगाने दोन्ही कर्णांवर दोरा ताणायचा. एकच कर्ण पुरत नाही, कारण दोरा ओढ सोसतो, दाब सोसत नाही. दोन्ही कर्णांचे दोरे सारख्याच लांबीचे भरले की चौकोन काटकोनात आहे. कागद वाळला की तोच चौकोन धरून ठेवतो. मग खालच्या तोंडातून हात घालून हे दोरे कापून काढा, नाहीतर रात्री प्रत्येक चौकोनावर फुली दिसते. फक्त खालच्या उघड्या चौकोनातले राहू द्या, तिथे कागद नसतो.

खळवाली, परळ

वरच्यांचं सगळं खरं, पण बघणारा कागद बघतो, काडी नाही.

९ इंची काडीचं गुपित कागदात आहे. घोटीव किंवा पतंगी कागदाचा ताव २० × ३० इंचांचा धरा. अर्ध्या इंचाची दुमड धरून चौकोन १० इंची होतो, म्हणजे एका तावात बरोबर सहा. खालचा उघडा ठेवायचा, पाच लागतात, सहावा ठिगळांसाठी. त्रिकोण दुमडीसह पावणेअकरा इंच बाजूचे, उलटसुलट मांडले तर एका ओळीत चार, दोन ओळींत आठ. दोन ताव, दोन रंग, कंदील पूर्ण. काडी साडेनऊची केलीत की एका तावात दोनच चौकोन बसतात नि आणखी दोन ताव फुकट फाडावे लागतात.

खळ: मैदा २ मोठे चमचे, पाणी १ वाटी. मैदा आधी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा. चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घातलं तर खळ आंबत नाही आणि झुरळं कागद कुरतडत नाहीत (चाळीत हा मुद्दा परीक्षकांपेक्षा मोठा). मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकाचं भांडं नको, लोखंडी तर नकोच. मुलांचे हात लांब. घट्ट डिंक पातळ कागदाला लावू नका. तो कडक होतो आणि कडेने चुण्या धरतो, शिवाय चुकलेला कागद सोडवून परत लावता येत नाही.

खळ काडीला लावायची, कागदाला नाही. कागद ओला झाला की फुगतो आणि वाळताना आखडतो. एका बाजूचे सगळे चौकोन आधी लावलेत तर ती बाजू सांगाड्याला स्वतःकडे ओढते. म्हणून समोरासमोरचे लावत जा, शेवटी त्रिकोण. पूर्ण वाळल्यावर लांबून पाण्याचा बारीक फवारा मारला की पतंगी कागद ढोलकीच्या पानासारखा ताणला जातो. लाल आणि गुलाबी कागदावर आधी कोपऱ्यात बघा, त्यांचा रंग सुटतो नि शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो.

कातरकाम, दुसरा मजला

बेगडीबद्दल (चमचमणारा सोनेरी-चंदेरी कागद) कोणी बोलत नाही, म्हणून मी. सोनेरी बेगड दुपारी झगमगते आणि रात्री आतून दिवा लागला की काळी दिसते, कारण तिच्यातून उजेड जातच नाही. चौकोनाच्या मधोमध बेगडी फूल लावणारे परीक्षकांच्या रात्रीच्या फेरीत हमखास मागे पडतात. बेगड लावायची ती काडीवर, अर्ध्या इंचाची पट्टी, जिथे तशीही सावली पडणार असते. मधोमध नक्षी हवी तर कागदालाच जाळी कापा आणि मागून दुसऱ्या रंगाचा पतंगी कागद लावा.

झालर कापताना घडी घातलेल्या कागदाचे आठपेक्षा जास्त थर नकोत. त्यापुढे कात्री खालचे थर पुढे ढकलते आणि करंज्या लहानमोठ्या निघतात. शेपट्या कंदिलाच्या उंचीच्या दीडपट, म्हणजे १९ इंचांच्या आसपास. त्याहून लांब ठेवल्यात तर संध्याकाळच्या समुद्राकडच्या वाऱ्यात एकमेकींत अडकतात. खालच्या चारही टोकांना सारखंच वजन. एक शेपटी ठिगळ लावून जाड झाली तरी कंदील तिकडे कलतो.

लोहार चाळ रिटर्न

कामटी झाली, कागद झाला. अंधारात काय दाखवणार?

दिवा बरोबर मध्यावर हवा. होल्डर वरून ३-४ इंच खाली सोडला की झालं असं समजतात, पण मग वरचे त्रिकोण पेटतात नि खालचे मेलेले दिसतात. पावणेतेरा इंचाच्या कंदिलात दिव्याचा मध्य वरून साधारण सव्वासहा इंचांवर. ५ वॅटचा दुधी एलईडी पुरतो. ९ वॅटचा लावलात तर फिके रंग पांढरे पडतात. पारदर्शक काचेच्या दिव्याने प्रत्येक काडीची कडक सावली भिंतीवर आणि कागदावर पडते, दुधीने ती विरते. लाल, केशरी, पिवळ्या कागदाला पिवळसर उजेड द्या. निळ्या-हिरव्याला पांढरा, नाहीतर ते मळकट दिसतात. कागद निवडण्याआधी दिवा निवडा, हे दुसऱ्या मजल्याला दरवर्षी सांगावं लागतं.

वायरवर कंदिलाचं वजन टाकू नका. वजन सुतळीवर, वायर ढिली. घरात शिरण्याआधी वायरला खाली झोळ ठेवा म्हणजे पावसाचं पाणी तिथेच ठिबकतं, बोर्डापर्यंत जात नाही. जोड असेल तर घरात, बाहेर चिकटपट्टीच्या भरवशावर नाही.

समोरची चाळ

दिवाळी ऑक्टोबरात आली तर संध्याकाळची सर धरूनच चला. पूर्ण प्लास्टिकची पिशवी घातलेला कंदील स्पर्धेत उतरवणं म्हणजे लाजच आहे. वरच्या चौकोनावर दोन बोटं अंतर ठेवून पारदर्शक टोपी, कडा दीड इंच बाहेर. तिरपी सर आली तर कंदील आत घ्यायचा, म्हणून दोरी कप्पीवरून घ्या, खिळ्याला गाठ नको.

परीक्षकांच्या मागे उभा, दादर

परीक्षक काय करतात ते बघून ठेवलंय, सगळ्यांच्या कामाचं आहे. आधी दिवा बंद ठेवून बघतात: शिवणी, चुण्या, खळीचे डाग. मग एका बोटाने कंदील फिरवतात. थांबल्यावर तो सरळ लोंबकळतो की कलतो, तिथेच निम्मे गेलेले असतात. शेवटी दिवा लावून खालून वर बघतात, आणि उघड्या चौकोनातून आतली गबाळी गाठ दिसली की भुवया वर. आतली बाजूही स्वच्छ ठेवा.

आणखी एक. दुपारी ताणलेला कागद रात्री आठला दमट हवेत सैल पडतो. फेरी नेमकी तेव्हाच असते.

खळवाली, परळ

@दादर: म्हणून तर जुना २५ वॅटचा तारेचा दिवा बरा. तासभर आधी लावला की आतली हवा गरम होते नि कागद परत ताणला जातो. एलईडीने ते होत नाही.

लोहार चाळ रिटर्न

आणि कागद तापून पिवळा पडतो ते? वारा आला, कंदील हलला, गरम काच कागदाला टेकली तर काय ते लिहीतच नाही. कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत टिकवायचाय, म्हणजे अमावास्येपासूनच पंधरा दिवस. फेरीपुरता कागद ताणायचा असेल तर केस वाळवायचं यंत्र लांबून दोन मिनिटं फिरवा आणि एलईडी राहू द्या.

खळवाली, परळ

हे नियमात बसतं का?

कामटीवाला, गिरगाव

नियमात ते कुठेच नाही, म्हणजे बसतं. खरा वाद मागच्या वर्षीच्या सांगाड्याचा आहे. कागद भिजवून उतरवला, खळ कोमट पाण्याने पुसली आणि सांगाडा पोटमाळ्यावर टांगून ठेवला (जमिनीवर ठेवलात तर बसतो) तर सांगाडा तीन-चार दिवाळ्या सहज जातो. आमच्याकडे चालतो, फक्त बाराही सांधे नव्या दोऱ्याने बांधलेले हवेत. समोरच्या चाळीत चालत नाही.

समोरची चाळ

चालत नाही, कारण तुमचा एकच सांगाडा दरवर्षी जिंकायला लागला होता.