‘सौम्य’ गाठ म्हणजे नक्की कसली?

पानवेल: आत्याच्या सीटी रिपोर्टचा मराठीत गोषवारा करतेय. पोटदुखीसाठी सीटी काढला, तर मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत २ सेंटिमीटरची ‘बिनाइन’, म्हणजे कॅन्सर नसलेली, गाठ दिसली. मी ‘सौम्य गाठ’ लिहिलं. ती म्हणते, “म्हणजे कॅन्सरच, पण सौम्य?” काय लिहू? आणि ‘वॉशआउट ७० टक्के’ कसं सांगू?

जुनेखोड: आत्याबाईंचं काय चुकलं? भूकंपाचा धक्काही सौम्यच असतो की. शब्द सोमापासून आला, चंद्रासारखा शीतल तो सौम्य. आमच्या घरी ‘साधी गाठ’ म्हणत.

एक्सरेवाला: साधी म्हणा, पण ही साधी गाठसुद्धा कॉर्टिसॉल जास्त सोडून बीपी वाढवू शकते. ते रक्त-लघवीत कळतं, स्कॅनमध्ये नाही. स्कॅन बघतो पेशींतली चरबी. सीटीत काय किती उजळ दिसतं त्याचा आकडा म्हणजे हौन्सफिल्ड: पाणी ०, चरबी उणे १००च्या आसपास. डाय (शिरेतून देतात ते औषध, त्याने गाठ उजळते) न देता गाठ सगळीकडे एकसारखी आणि १० हौन्सफिल्ड किंवा कमी भरली, तर पुढे स्कॅन नको. चरबी कमी असलेल्या अ‍ॅडिनोमाचा (ग्रंथीच्या पेशींची ही साधी गाठ) आकडा वर जातो, म्हणून मग डाय देऊन तो किती उतरतो ते बघतात, तेच वॉशआउट. समजा आधी २४, मिनिटाभराने ९४, १५ मिनिटांनी ४५. चढले ७०, उतरले ४९, झाले ७० टक्के. ६०च्या वर म्हणजे कल अ‍ॅडिनोमाकडे. कलच हं, एखादा फिओक्रोमोसायटोमाही (अ‍ॅड्रिनलचीच दुसरी, अ‍ॅड्रिनलिनसारखी संप्रेरकं सोडणारी गाठ) असा फसवतो.

मुसळधार: वॉशआउटला ‘निचरा’! आमच्या काळ्या रानाला निचरा नाही, मुरमाडात पाणी ठरत नाही. अगदी तेच.

जुनेखोड: निचरा खाली होतो हो. इथे ‘ओसरणे’ हवं. पूर ओसरतो, सूज ओसरते.

एक्सरेवाला: आमच्याकडे सगळे ‘डाय उतरला का’ विचारतात. ताप उतरतो तसा.

खवचट: मग एमआरआयच्या इन-फेज, आउट-ऑफ-फेजचं काय करणार? ‘समकला-विषमकला’?

मुसळधार: सुरात आणि बेसूर!

एक्सरेवाला: वाईट नाही. पहिल्या फोटोत पाणी आणि चरबीचे सिग्नल मिळून येतात, दुसऱ्यात एकमेकांना खातात, म्हणून चरबीवाली गाठ काळवंडते. किरणोत्सर्ग नाही, डायही लागत नाही. पण शोध त्याच चरबीचा, त्यामुळे साध्या सीटीत आकडा ३०च्या बराच वर असेल तर एमआरआयही बहुधा गप्पच बसतो.

जुनेखोड: ‘अ‍ॅड्रिनल’ला ‘अधिवृक्क’ म्हणतात तेही पाहा, वृक्क म्हणजे मूत्रपिंड. अधि म्हणजे वर, अ‍ॅड म्हणजे जवळ. खरं भाषांतर ‘उपवृक्क’ व्हायला हवं.

खवचट: वृक्क कोण म्हणतं? मी तर वृक्ष वाचलं.

जुनेखोड: आयुर्वेदात वृक्कच आहे. तुम्ही वाचत नाही हा शब्दाचा दोष नव्हे.

पानवेल: तुमचं चालू द्या. आत्यानेच फाइलवर पेनने लिहून टाकलंय, ‘चरबीची गाठ’.

एक्सरेवाला: अहो, खोडायला सांगा! चरबीची गाठ म्हणजे लायपोमा, ती वेगळी.