शब्दचर्चा: 'विसावा' की 'विश्रांती'? (मत्तय 11:28)

खिडकीपाशी: मैत्रिणीच्या घरी भिंतीवर बायबलचं वचन लावलंय, "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हाला विसावा देईन." तिची आई डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा जावं लागतं, आणि काकू म्हणतात मला या वचनानं बळ येतं. माझा प्रश्न शब्दापुरता आहे. इथे विसावाच का, विश्रांती किंवा आराम का नाही? आणि विसावा म्हणजे नुसतं बसणं असेल तर त्यातून बळ कुठून आलं?

जुनानगरी: विश्रांती काम संपल्यावर, विसावा वाटेत. पालखीचं बघा ना, विसावा थोड्या वेळाचा आणि मुक्काम रात्रीचा, विसाव्याला कुणी पथारी पसरत नाही. अंत्ययात्रेतही विसावा असतो, तिरडी मधे खाली टेकवतात, खांदेकरी बदलतात, की निघाले पुढे. ओझं आहे तेवढंच राहतं आणि वाटही संपलेली नसते. काकूंचं डायलिसिस काही उद्या थांबणार नाहीये, त्यांना हाच शब्द लागू पडतो.

कीबोर्डबहाद्दर: थोडक्यात टी ब्रेक :)

वसईकरीण: ब्रेक म्हणा हवं तर, पण लोक कॅलेंडरवर 28वं वचन छापतात आणि तिथेच थांबतात हा खरा घोळ आहे. लगेच 29 मध्ये येशू म्हणतो माझं जू आपल्यावर घ्या, आणि 30 मध्ये "माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे". आत्ता विसावा देतो म्हणाला आणि पाठोपाठ जू पुढे केलं! लहानपणी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, हे ऐकताना मला वाटायचं की ही फसवणूकच आहे.

बांधावरचा: "सोयीचे" ज्यानं कुणी लिहिलं त्याला बैल ठाऊक होते एवढं नक्की. जू नीट बसलं नाही तर बैलाचा खांदा सुजतो, कातडं सोलतं, मग तो ओढायलाच मागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळणी असते, हळद-तूप लावून खांदे मळतात, का तर वर्षभर सगळा भार तिथंच पडलेला असतो. आणि जू म्हटलं की जोडी आली, नवख्या गोऱ्ह्याला मुरलेल्या बैलाबरोबर जुंपतात, ओढ बरीचशी मुरलेला घेतो आणि नवखा बाजूनं चालत शिकतो. "माझे जू घ्या व माझ्यापासून शिका" हे मला तरी तसंच वाचता येतं.

पोथीवाला: वा बांधावरचे! मूळ ग्रीकमध्ये 'सोयीचे'च्या जागी 'ख्रेस्तोस' आहे, म्हणजे चांगलं, मायाळू, वापरायला बरं. आणखी एक, ज्यू परंपरेत नियमशास्त्रालाही, म्हणजे मोशेच्या धर्मनियमांनाही, जू म्हणत, त्यामुळे हे भाराक्रांत लोक म्हणजे फक्त मजूर किंवा आजारी नव्हेत, नियम पाळता पाळता दमलेलेही त्यात आले. मत्तय 12 उघडा, पहिलाच प्रसंग शब्बाथाचा, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचा आहे, भुकेल्या शिष्यांनी त्या दिवशी कणसं मोडून खाल्ली म्हणून परूशी, म्हणजे नियमांबाबत कडक ज्यू पंथाचे लोक, अंगावर येतात. विश्रांतीच्या दिवसाचंच ओझं करून ठेवलेलं!

खिडकीपाशी: हे माहीतच नव्हतं. पण "भाराक्रांत" फार जड नाही का? काकूंना विचारलं तर म्हणाल्या मी आपलं "दबलेले" असं समजते.

पोथीवाला: जड आहेच. पंडिता रमाबाईंनी म्हणूनच केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायाबापड्यांना कळेल असं भाषांतर केलं, 1922 ला त्या गेल्या आणि पूर्ण बायबल 1924 ला आलं. विसावा मात्र परका नाही, तो वारकऱ्यांच्या तोंडचा शब्द. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक म्हणायचेच की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

वसईकरीण: प्रार्थनासभांमधली एक गंमत सांगते, तिथे 'ओझं' नेहमी वाईट अर्थानं येत नाही. "देवानं माझ्या मनावर तिचं ओझं घातलं" म्हणजे तिच्यासाठी प्रार्थना करत राहायची तळमळ लागली. काकूंसाठी असं ओझं घेणारी चार माणसं असतील तर बळाचा निम्मा हिशोब तिथेच लागला, आत्मबळ वगैरे शब्द आमच्यात कमीच, "प्रभूनं बळ दिलं" असंच म्हणतात.

जुनानगरी: बळावरून बायबलमधला प्रेषित पौल आठवला. शरीरातला काटा काढ म्हणून त्यानं तीनदा विनवलं, काटा काही निघाला नाही, उत्तर आलं "माझी कृपा तुला पुरे आहे". 2 करिंथ 12.

कीबोर्डबहाद्दर: पुरे म्हणजे बास?? देवानं बास कर म्हटलं त्याला?

पोथीवाला: नाही हो, पुरे म्हणजे पुरते, कमी पडत नाही. पण ऐकताना दोन्ही ऐकू येतं खरं.

जुनानगरी: 'पुरणे'वर वेगळा धागा काढा कुणीतरी, त्या क्रियापदात बरंच काही पुरलंय.