मदत हवी आहे: माहितीपर लेखनाचे प्रकार मुलांना वेगळे ओळखता येत नाहीत

रेघोटी
सहावी-सातवीच्या मुलांना माहितीपर लेखनाचे पाच प्रकार शिकवायचे आहेत: वर्णन, क्रम, तुलना, कारण-परिणाम, समस्या-उपाय. संकेतशब्दांची यादी दिली आहे ('त्यामुळे' दिसलं की कारण-परिणाम, 'नंतर' दिसलं की क्रम). सरावाच्या उताऱ्यांत ती चालते, अनोळखी उतारा आला की उत्तरं चुकतात. आणि लिहायला सांगितलं की पाचही प्रकार 'अमुक ही एक उपयुक्त वस्तू आहे' असेच सुरू होतात. ३५ मिनिटांच्या चार तासिका आहेत. कुठून सुरुवात करावी?

ताम्रपट
आधी ती यादी बाजूला ठेवा. 'पाऊस आला म्हणून सामना थांबला' यात कारण आहे, 'तांबं वीजवाहक म्हणून वापरतात' यात नाही. शब्द मात्र तोच. 'नंतर'चंही तसंच. एक गोष्ट दुसरीनंतर घडली एवढ्यावरून ती तिच्यामुळे घडली असं होत नाही, आणि नेमकी हीच गल्लत मुलं करतात.

त्याऐवजी प्रत्येक उताऱ्याला एकच विचारायचं: हा कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय? कसं आहे? कसं करायचं, किंवा कसं घडतं? दोघांत सारखं काय, वेगळं काय? का झालं? काय अडलंय आणि त्यावर काय करता येईल? मुलांनी समासात आधी हा प्रश्न लिहायचा, प्रकाराचं नाव त्यानंतर.

लिहिण्यासाठी विषय एकच ठेवा आणि प्रकार बदला. गंज घ्या:

वर्णन: गंज तांबूस-तपकिरी, ठिसूळ असतो, त्याचे पापुद्रे सुटतात.
कारण-परिणाम: लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही मिळाले की गंज चढतो. खारट पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे तिथे तो लवकर चढतो.
तुलना: ॲल्युमिनिअमवरही ऑक्साइडचा थर बसतो, पण तो घट्ट चिकटून आतल्या धातूला जपतो. लोखंडाचा थर सुटून पडतो आणि खालचा धातू पुन्हा उघडा होतो.
समस्या-उपाय: रंग, तेल किंवा जस्ताचा मुलामा देऊन हवा-पाणी लोखंडापर्यंत पोहोचू द्यायचं नाही.

माहिती जवळजवळ तीच, पण पहिलं वाक्य प्रत्येक वेळी वेगळं लिहावं लागतं. 'उपयुक्त वस्तू आहे' आपोआप गळून पडतं.

दोनरेघी
वर क्रम राहिला. त्याचे दोन पोटप्रकार आहेत, मुलं त्यांची सरमिसळ करतात. कृती वाचून कोणीतरी काहीतरी करणार असतं: 'घ्या, ओता, ठेवा'. प्रक्रिया आपोआप घडते: 'होते, वितळते, साचते'. एकाच परिच्छेदात 'पाणी ओतले', 'पाणी ओता' आणि 'पाणी ओतावे' अशी तिन्ही रूपं आली तर लिहिणाऱ्याचं काय ठरलेलं नाही ते कळतं. क्रियापदांखाली रेघ मारायला लावा, चूक त्यांनाच दिसते.

गंजाचीच कृती: तीन परीक्षानळ्यांत एकेक स्वच्छ खिळा. पहिलीत खिळा अर्धा बुडेल इतकं पाणी. दुसरीत उकळून हवा घालवलेलं पाणी खिळा पूर्ण बुडेपर्यंत, वर तेलाचा थर. तिसरीत ओल शोषणारं कॅल्शियम क्लोराइड, वर बूच. काही दिवसांनी गंज पहिलीत दिसतो. मुलं इथे हमखास दोन चुका करतात. 'थोडं तेल' लिहितात, किती आणि कशासाठी ते गाळतात. आणि 'पाणी गरम आहे, जपून ओता' ही सूचना ओतून झाल्यावर येते. सावधगिरी त्या पायरीच्या आधीच हवी. लिहिलेली कृती तपासायची असेल तर वही शेजाऱ्याला द्या, त्याने फक्त लिहिलं आहे तेवढंच करायचं.

रेघोटी
हे उपयोगाचं आहे. पण एकाच उताऱ्यात दोन प्रकार असले तर? समस्या-उपायात कारण येतंच.

ताम्रपट
येतंच, आणि यायलाच हवं. एकेक भाग झाकून बघा. उपाय झाकल्यावर उतारा अर्धवट वाटला तर मुख्य प्रकार समस्या-उपाय, कारण त्यातला आधार. 'मुख्य अमुक, आत तमुक' हे उत्तर बरोबर धरा. एकच नाव मागाल तर मुलं अंदाज मारतील.

दोनरेघी
तुलनेआधी तक्ता करून घ्या: डावीकडे तीन मुद्दे, पुढे दोन रकाने. तक्त्याशिवाय एका धातूचा रंग आणि दुसऱ्याचं वजन असं लिहिलं जातं, त्यात तुलनाच होत नाही.

तासिकांचं म्हणाल तर पहिली फक्त समासातल्या प्रश्नाला, दुसरी कृती-प्रक्रियेला, तिसरी तुलना आणि कारणाला. चौथीत प्रत्येकाने एकच विषय दोन प्रकारांत लिहायचा, प्रत्येकी पाच-सहा ओळी. समस्या-उपाय वेगळा शिकवायची गरज पडत नाही, कारण समजलं की तो जमतो.