पाडव्याला डनेटच्या समुद्रावर? (‘वाडीवरची मंडळी’ ग्रुप)

धनत्रयोदशी, रात्री

सुमाआत्या: मृणालचं स्टेटस आत्ता पाहिलं. अंगात काळा रबरी पोशाख, बगलेत फळी आणि खाली लिहिलंय ‘पाडव्याला डनेट’. हे काय आहे? आणि मला हे स्टेटसवरून कळावं? श्री, उज्ज्वला, तुम्ही दोघं तिथे असून काय करताय?

रोहन: आई, साडेदहा वाजलेत. झोप आता.

सुमाआत्या: मी झोपेन तेव्हा झोपेन. तू मध्ये पडू नकोस.

मनीषा: फोटो छान आहे पण, आत्या. मला आधी मृणाल ओळखूच आली नाही.

उज्ज्वला: सुमाताई, सांगणारच होते हो. दोन दिवस चकल्यांतून डोकं वर काढायला मिळालं नाही. डनेट म्हणजे इथला स्कॉटलंडच्या उत्तर टोकाचा समुद्रकिनारा. इन्व्हर्नेसहून पावणेदोनशे किलोमीटर आहे, गाडीने अडीच-तीन तास. थर्सो गावात दोन रात्री राहणार आहोत. आम्ही दोघं वाळूतच बसणार, पाण्यात नाही.

सुमाआत्या: तुमचं नाही विचारलं मी. मुलीचं विचारलं.

मृणाल: आत्या, मी दोन वर्षं सर्फिंग शिकतेय. एकटी कधी जात नाही, बरोबर शिकवणारा असतो. उद्या तुला फोन करते.

नाना: पाडवा म्हणजे अमावास्येचा दुसरा दिवस. उधाण असणार. त्या दिवशी पाण्यात उतरू नये.

रोहन: नानामामा, तिकडचा समुद्र आपलं पंचांग बघत नाही.

नाना: चंद्र तोच आहे.

श्रीकांत: नानाचं बरोबर आहे. मी इथले भरतीचे तक्ते पाहिले. स्क्रॅब्स्टर बंदरात उधाणाला भरती आणि ओहोटीत साधारण चार मीटरचा फरक पडतो. आपल्या गुहागरला इतका कधी नसतो.

सुमाआत्या: वा. हे वाचून मला आता शांत झोप लागणार.

रोहन: सर्फिंगच करायचं तर कर्नाटकात मुल्कीला जा ना, मृणाल. कोमट पाणी, वर नीर डोसा. त्या थंडीत काय ठेवलंय?

मृणाल: दादा, मुल्कीलाही जाईन. पण डनेट एकदा बघ. ब्रिटनच्या पार उत्तरेच्या टोकाला तीन किलोमीटर लांब अर्धगोल पुळण, मागे वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्यावर वाऱ्याने आडवं झालेलं गवत. तोंड वायव्येला. आइसलंडच्या बाजूला कुठे वादळ झालं की त्याच्या लाटा इथे येऊन फुटतात. खाली सगळी वाळू, खडप नाही. जगभरातून लोक ज्या लाटेसाठी येतात ती थर्सो ईस्टची, पडक्या किल्ल्यासमोर खडपावर फुटते. २००६ मध्ये तिथे मोठी स्पर्धा झाली होती. तिथे मी जात नाही, माझी तेवढी तयारी नाही. डनेटला ऑक्टोबरात माणूसच नसतं. आठवडाभर वॉर्डात उभं राहिल्यावर तिथे गेलं की मला मोकळा श्वास घेता येतो.

सुमाआत्या: माणूस नसतं म्हणजे कोणी ओढून काढायलाही नसतं. जीवरक्षक आहेत की नाहीत?

मृणाल: तिथे नसतात.

सुमाआत्या: झालं.

मृणाल: आत्या, पुढचं ऐक ना. ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं. बचाव-नौका स्क्रॅब्स्टरला असते, थर्सोच्या शेजारी.

नाना: पाडव्याला उधाण आहे. सप्तमी-अष्टमीला भांग असतो, भरती कमी चढते, तेव्हा जा.

मनीषा: नाना, तिची रजा भाऊबीजेला संपतेय.

सुमाआत्या: पाणी किती गार असतं?

मृणाल: आत्ता अकरा-बारा डिग्री.

सुमाआत्या: अगं, आपल्या विहिरीचं पाणी मार्गशीर्षातही इतकं गार नसतं! तुला न्यूमोनिया झाला तर?

मृणाल: तो रबरी पोशाख त्यासाठीच असतो. पाच मिलिमीटर जाडीचा. रबरात वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. गोधडीत हवा अडकते म्हणून ऊब येते ना, तसंच. आत थोडं पाणी शिरतं, पण ते अंगाच्या उबेने कोमट होतं. टोपी, हातमोजे, बूट, सगळं त्याचंच. उघडा राहतो फक्त चेहरा. पहिली लाट तोंडावर बसली की कपाळ ठणकतं, खोटं कशाला सांगू.

मनीषा: सगळे जागे आहेत म्हणून विचारते. कौलं बदलायचा हिशेब ग्रुपवर तीन वेळा टाकलाय. कोणी साधा अंगठाही दाखवला नाही. स्कॉटलंडच्या समुद्रावर मात्र रात्री अकरापर्यंत चर्चा.

श्रीकांत: मनीषा, माझा वाटा गणपतीतच पाठवला आहे.

मनीषा: काका, तो पागोळीच्या पत्र्याचा होता. कौलांचा नाही. पावसात माजघरात पातेली मी लावली, म्हणून माझ्या लक्षात आहे.

रोहन: वहिनी, आकडा परत टाका, उद्या पाठवतो.

मनीषा: रोहनभाऊजी, वर गेलात तर दिसेल. राग मानू नका, पण दर वेळी मलाच मागावं लागतं.

उज्ज्वला: मनीषा, तू करतेस म्हणून घर उभं आहे. सगळ्यांना माहीत आहे ते.

मनीषा: माहीत असतं हो काकू.

सुमाआत्या: घराचा विषय नंतर. मृणाल, पाण्याला ओढ असते का तिथे? मला खरं सांग.

मृणाल: असते. वाळूच्या किनाऱ्यावर सगळीकडेच असते. लाटांनी आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, वाळूत जिथे खोलगट मिळेल तिथून जोरात आत जातं. वरून तिथेच शांत दिसतं, लाट फुटत नाही. म्हणून माणूस नेमका तिथे उतरतो. आम्हाला पहिल्या दिवशी लाटेवर उभं राहायला नाही शिकवलं. अर्धा तास वाळूत उभं करून पाणी वाचायला लावलं. ओढ लागली तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही, दमायला होतं. किनाऱ्याला समांतर, आडवं जायचं. फळी सोडायची नाही. हात वर करून हाका मारायच्या. आणि गार पाण्यात अचानक पडलं तर पहिलं मिनिट-दोन मिनिटं पोहायचंच नाही. धाप लागते, त्यात पाणी जातं नाकातोंडात. उताणं पडायचं, कान पाण्यात जाऊ द्यायचे आणि श्वास जागेवर येईपर्यंत नुसतं तरंगायचं.

नाना: आडवं जायचं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

सुमाआत्या: नाना.

नाना: आम्ही किनाऱ्यावरून बापूला इकडे ये, इकडे ये, असंच ओरडत होतो.

सुमाआत्या: नाना, औषध घेतलंस का रात्रीचं? मनीषा, बघ गं जरा.

मनीषा: घेतलंय, आत्या. ओटीवर बसलेत. मी आहे इथे.

मृणाल: नानाकाका, मी नाही जात. खरंच नाही जात.

नाना: जाऊ नको असं मी म्हटलेलं नाही. उधाणात उतरू नको म्हटलं.

नरक चतुर्दशी, सकाळी

रोहन: सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा! कौलांचे पाठवले वहिनी, बघा.

मनीषा: मिळाले. आभारी आहे 🙏 एकाचे आले. बाकीच्यांना आठवण.

श्रीकांत: शुभ दीपावली. काल राहिलं ते सांगतो. आपण जातोय तिथून डनेट हेड जवळच आहे. ब्रिटनच्या मुख्य भूमीचं सर्वांत उत्तरेचं टोक. दीपगृह १८३१ सालचं, रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी बांधलेलं.

रोहन: ते जॉन ओ’ग्रोट्स ना?

श्रीकांत: सगळ्यांचा तोच समज असतो. जॉन ओ’ग्रोट्स पूर्वेला आहे आणि थोडं दक्षिणेलाच. हवा स्वच्छ असेल तर डनेट हेडवरून समोर ऑर्कनी बेटं दिसतात. मधली सामुद्रधुनी म्हणजे पेंटलंड फर्थ. भरती-ओहोटीचे प्रवाह जगातल्या सर्वांत जोरकस प्रवाहांत मोजले जातात. समुद्राच्या तळाशी पाती बसवून त्या प्रवाहावर वीज तयार करतात.

सुमाआत्या: आणि त्या प्रवाहाच्या तोंडाशी आपली मुलगी.

मृणाल: आत्या, तो टोकाच्या पलीकडे. डनेटचा उपसागर अलीकडे, आत वळलेला. बाबा, तुम्ही पण ना!

नाना: उद्या अमावास्या. परवा उधाण.

सुमाआत्या: हो नाना, सगळ्यांनी वाचलंय.

उज्ज्वला: सुमाताई, एक गंमत. जॉन ओ’ग्रोट्सच्या किनाऱ्यावर कवड्या सापडतात म्हणे. नखाएवढ्या, गुलाबीसर. तिथली माणसं त्यांना ग्रोटी बकी म्हणतात आणि शुभ म्हणून जवळ बाळगतात.

सुमाआत्या: कवड्या? त्या थंडीत? आईच्या सारीपाटाच्या सहातली एक हरवली आहे, तेव्हापासून मी वालाचा दाणा ठेवते.

उज्ज्वला: बघते मिळते का.

पाडवा, दुपारी

सुमाआत्या: पोचलात का? कोणी काही कळवेल का? सकाळपासून तीनदा विचारलं.

रोहन: आई, तिकडे आत्ता साडेअकरा वाजलेत.

सुमाआत्या: साडेअकरा म्हणजे पहाट नव्हे.

उज्ज्वला: आता रेंज आली. सुमाताई, ती उतरली नाही. आधी हे वाचा, मग बाकीचं.

सुमाआत्या: 🙏🙏

उज्ज्वला: पहिल्यांदा गाडीचं दार उघडेना इतका वारा. ह्यांनी उघडलं तर बंद होईना. टेकड्यांमधून खाली उतरलो आणि एकदम सगळं मोठं झालं, आभाळ, पाणी, वाळू. ओहोटी होती, त्यामुळे ओली वाळू आरशासारखी लांबपर्यंत आणि तीत ढग चालताना दिसत होते. कोरडी वाळू वाऱ्याने जमिनीलगत धुरासारखी सरपटत होती. घोट्यांना टोचत होती, पण गुडघ्याच्या वर काही नाही. तीन किलोमीटरमध्ये आम्ही तिघं, एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची दोन कुत्री. बोललेलं ऐकू येत नव्हतं. लाटा लांबून एकामागून एक ओळीने येतात आणि फुटताना माथ्यावरचं पाणी वारा उलटा उडवून नेतो. मी गुहागरला इतकी वर्षं समुद्र पाहिला, पण असा एकटा समुद्र नव्हता पाहिला. मृणाल पोशाख चढवून, फळी शेजारी ठेवून वीस मिनिटं नुसती बघत बसली. मग म्हणाली, आई, थर्मास काढ. चहा आणि चकली खाल्ली. चकलीत थोडी वाळू होती.

मृणाल: लाटा माझ्या डोक्याच्या वर होत्या, आणि मधल्या पट्ट्यात पाणी आत जाताना स्पष्ट दिसत होतं. शिकवणाराही म्हणाला, आज नको. नानाकाका, तिथीमुळे नाही हं, लाटांमुळे.

नाना: कारण कुठलंही चालेल.

मनीषा: नाना आत्ता जेवायला बसले. सकाळपासून नुसत्या चहावर होते.

श्रीकांत: मनीषा, कौलांचे पैसे पाठवले. आणि नाना, तुला हे आवडेल. इथे शेतांना कुंपण म्हणून दगडी लाद्या उभ्या रोवल्यात, एकीला एक चिकटून. अगदी आपल्या गडग्यांची आठवण झाली. ह्याच लाद्या गेल्याच्या गेल्या शतकात कॅसलटाउनच्या धक्क्यावरून गलबतांत भरून बाहेर जायच्या. एडिंबरोच्या, लंडनच्या फुटपाथांवर बसवल्यात.

नाना: सांध्यात चुना घालतात का?

श्रीकांत: नाही, नुसत्या रोवलेल्या. फोटो पाठवतो.

नाना: किती खोल रोवतात ते विचार.

भाऊबीज, संध्याकाळी

मृणाल: आज सकाळी वारा पडला होता, लाटा निम्म्यावर आल्या. ओहोटीला, कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या फेसात चाळीस मिनिटं होते. शिकवणारा पूर्ण वेळ बाजूला. तीनदा उभी राहिले, तिसऱ्यांदा वाळूपर्यंत आले. आई काठावर टॉवेल धरून उभी होती, आईचेच पाय भिजले. आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही सगळे जीव मुठीत धरून बसला असता. माफ करा.

रोहन: तीनदा! शाब्बास गं.

मनीषा: बोटांना काही झालं नाही ना?

मृणाल: पांढरी पडली होती, बुटांची नाडी सोडता येईना. गाडीत गरम पाण्याची बाटली धरून बसले.

सुमाआत्या: पुढच्या वेळी सांगून जा. मला बसू दे जीव मुठीत धरून, मला सवय आहे.

नाना: ओहोटी लागल्यावर उतरलीस की लागायच्या आधी?

मृणाल: पार तळाला गेल्यावर, भरतीचं पाणी वळतानाच.

नाना: बरं केलंस.

उज्ज्वला: सुमाताई, परतताना जॉन ओ’ग्रोट्सला वाकडी वाट केली. पाऊणएक तास ओणवं होऊन शोधलं. ह्यांना एक मिळाली, मला दोन. खाली दातेरी फट, वर बारीक रेघा, बोटाच्या पेरावर मावते.

सुमाआत्या: मी चंद्राला ओवाळून आत्ताच आत आले. नाना, तुझंही ताट ठेवलंय, दर वर्षीसारखं. तिन्ही कवड्या आण, उज्ज्वला. एक सारीपाटाला, एक मृणालला राहू दे.

रोहन: आणि तिसरी?

सुमाआत्या: तिसरी बापूच्या फोटोपाशी. गोड्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून मगच पिशवीत घाला. उन्हात ठेवल्या तर रंग उडतो.

मृणाल: इथे ऊन कुठलं, आत्या. पावणेसहालाच मावळतं.