नव्या संचातलं ‘संगीत सौभद्र’: कृष्णाला गाता यायलाच हवं का? आणि तिकीट ७५०?

नाट्यवेडी

परवा पुण्यात ‘संगीत सौभद्र’चा नव्या संचातला प्रयोग पाहिला. संस्थेचं नाव लिहीत नाही. प्रश्न एका संस्थेपुरता नाही, जुनं संगीत नाटक आज उभं करू पाहणाऱ्या सगळ्यांचाच आहे.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली पुण्यात रंगभूमीवर आणलेलं हे नाटक. बलरामाला बहीण सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, तिचं मन अर्जुनावर जडलंय, आणि कृष्ण कुणाला पत्ता लागू न देता सगळं जुळवून आणतो. अर्जुन यतीच्या वेषात घरातच येऊन राहतो. गोष्ट घरगुती आहे, म्हणूनच सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी लोक हसतात आणि हळवे होतात.

आधी आवडलं ते सांगते. सुभद्रेचं काम करणारी मुलगी नवी आहे, नाव कुणाला माहीत नाही. ‘वद जाऊ कुणाला शरण’मध्ये ‘अग सखये’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. पहिल्यांदा तिने ते विचारल्यासारखे म्हटले, पुढे विनवल्यासारखे, आणि शेवटी तर आवाज जवळजवळ काढलाच नाही, नुसती सखीकडे वळली. ऑर्गनवाल्यांनी तिथे सूर धरून ठेवला आणि ती परत आल्यावरच सोडला. असं काही ऐकायला मिळावं म्हणूनच मी संगीत नाटकाला जाते.

आता तक्रार. कृष्ण म्हणून मालिकेतला एक लोकप्रिय चेहरा घेतलाय. गद्य छान बोलतो, मिश्कीलपणा आहे, दिसतोही देखणा. पण ‘प्रिये पहा’ आणि ‘नच सुंदरी करू कोपा’ ही दोन्ही पदं ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून स्पीकरवर लावलेली होती. मी डाव्या अंगाला, वादकांच्या जवळ बसले होते. पद चालू असताना ऑर्गनवाल्यांचे हात मांडीवर, तबलजी गप्प, आणि स्पीकरमधून ऑर्गन-तबला जोरात. ‘नच सुंदरी’ला वन्समोअर आला तर तीच हरकत (सुरांची छोटी लकेर), तिथेच, तेवढीच. श्वाससुद्धा त्याच जागी. मग वन्समोअर घेण्यात अर्थ काय राहिला?

दर असे होते: पुढच्या रांगा ७५०, मधल्या ५००, बाल्कनी ३००. माझं म्हणणं एवढंच की ७५० रुपये मी जिवंत गाण्यासाठी दिले. गायक-नट घ्या, मी खुशीने देईन. ट्रॅक लावणार असाल तर तसं जाहिरातीत छापा.

तिसरी घंटा

नाटकाच्या व्यवस्थापनात बरीच वर्षं काम करतोय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

प्लॅन उघडला, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली, की खिडकीवर पहिला प्रश्न येतो, “कोण कोण आहे?” सुभद्रा कशी गाते हे कुणी विचारत नाही, कारण तिला अजून कुणी ओळखत नाही. त्या मुलीला रंगमंच मिळाला तो या मालिकेतल्या कृष्णामुळे, हे विसरू नका. पुढच्या रांगा त्याच्या नावावर गेल्या.

खर्चाचं म्हणाल तर थिएटरचं भाडं, जाहिरात, टेम्पो, बस, बॅकस्टेजची मंडळी हे सगळं दोन पात्रांच्या गद्य नाटकालाही लागतंच. संगीत नाटकात त्यावर ऑर्गन, तबला, व्हायोलिन आणि डझनभर पात्रांच्या नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन. प्रयोग महिन्याला एखाद-दोन, म्हणजे खर्च वाटला जायला प्रयोगच नाहीत.

आणि ७५० चा आकडा दिसतो तसा नाही. नाटकाचं तिकीट ५०० पर्यंत असेल तर जीएसटी नाही. त्याच्या वर गेलं की पूर्ण रकमेवर १८ टक्के. ७५० मध्ये कर धरलेला असेल तर ११४ रुपये सरकारजमा आणि निर्मात्याच्या हातात ६३६. म्हणजे प्रेक्षकाने अडीचशे जास्त मोजले, त्यातले निर्मात्याला मिळाले १३६. म्हणूनच बहुतेक निर्माते ५०० वर थांबतात. ज्याने ७५० लावले त्याने खर्च भागवायला लावलेत, हौस म्हणून नव्हे.

पेटीवाला

@तिसरी घंटा, हिशेब पटला. ट्रॅकचं समर्थन पटलं नाही.

मी साथीला बसतो. नाटकातलं पद आणि मैफल यांत फरक आहे. मैफलीत गायक आपल्या मनाने गातो. नाटकात तो समोरच्या पात्राला काहीतरी सांगत असतो, आणि समोरचं पात्र त्या दिवशी कसं वागेल यावर पद किती थांबेल, कुठे उचलेल हे ठरतं. रुक्मिणी त्या दिवशी जरा जास्त रुसली तर ‘कोपा’वर कृष्ण जरा जास्त रेंगाळतो. आम्ही त्याच्या ओठांकडे बघून वाजवतो. ट्रॅकला रुक्मिणी दिसत नाही. ती रुसो, हसो, ट्रॅक आपल्या वेळेत संपणार आणि नटाला त्याच्या मागे पळावं लागणार.

वादकांना स्टेजजवळ बसवून ट्रॅक लावणं हे तर मला फारच लागलं. आम्हाला काय शोभेसाठी बसवता? दोन पदांपुरतं उठून जायला सांगा, चालेल.

रंगभाषा

धागाकर्तीशी अर्धा सहमत, अर्धा असहमत.

ट्रॅक नको, मान्य. पण ‘गायकच हवा’ हा आग्रह ‘सौभद्र’ला तितकासा लागू नाही. किर्लोस्करांची बरीच पदं छोटी आहेत. साक्या, दिंड्या असे जुने पद्यप्रकार, कीर्तनातल्या आणि लोकांच्या तोंडी असलेल्या चाली. शंभरावर पदं एका रात्रीत बसायची ती संवादासारखी पुढे सरकायची म्हणूनच. एकेक पद रंगवत बसायची, ताना-आलापांची चाल पुढच्या काळात बळावली, बालगंधर्वांच्या जमान्यात तिला वैभव आलं, आणि आपण तिलाच ‘मूळ परंपरा’ मानून बसलो. कृष्णाचं काम करणाऱ्याला सुरात दोन ओळी म्हणता आल्या तरी पुरे. खरी गरज त्याला शब्द कळण्याची आहे.

उलट मला खुपतं ते गायकांचं उभं राहणं. कित्येक प्रयोगांत गळा उत्तम, पण पद सुरू झालं की पाय रोवले, नजर तबल्याकडे, आणि ज्याच्याशी बोलतोय तो अर्जुन बाजूला ताटकळत. त्याला गाणारा नट म्हणायचं कसं?

‘कट्यार काळजात घुसली’ची गोष्ट वेगळी. तिथे पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गायकांच्या गायकींचं भांडण हाच नाटकाचा विषय. ‘घेई छंद मकरंद’ पंडितजींच्या चालीत संथ, सालगवराळी रागात, आणि खाँसाहेबांच्या चालीत उसळतं, धानी रागात. दोन्ही रंगमंचावर ऐकू आल्याशिवाय नाटक कळतच नाही. १९६७ ला खाँसाहेबांच्या कामाला वसंतराव देशपांडे होते म्हणून ते उभं राहिलं. २०१० मध्ये सुबोध भावे यांनी ते पुन्हा बसवलं तेव्हा खाँसाहेबांसाठी राहुल देशपांडे आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव याच्यासाठी महेश काळे घेतले, ते बरोबरच होतं. २०१५ च्या चित्रपटात पडद्यावर खाँसाहेब म्हणून सचिन पिळगांवकर आणि आवाज राहुल यांचा. पडद्यावर ते चाललं, कारण तिथे आवाज उसना असतो हे प्रेक्षक गृहीत धरतो. रंगमंचावर असं कुणी गृहीत धरत नाही.

जुना प्रेक्षक

गाण्यावर सगळे बोलताय, तिकिटावर कुणी बोलत नाही. मी निवृत्त आहे. संगीत नाटक पडत्या काळात ज्यांनी धरून ठेवलं ते माझ्यासारखे पेन्शनवाले. राज्य नाट्यस्पर्धेतली संगीत नाटकं नाममात्र तिकिटात बघून आम्ही ही गोडी टिकवली. आता दोघांनी ७५० प्रमाणे जायचं म्हणजे १५००, त्यावर रिक्षा जाऊन-येऊन.

बाल्कनी ३०० आहे म्हणाल. पण बाल्कनीला जिने आहेत. गुडघे दुखणाऱ्याने चढायचं कसं? स्वस्त जागा नेमक्या तिथेच जिथे म्हातारा माणूस पोचू शकत नाही. खालच्या शेवटच्या चार रांगा तरी ३०० ला ठेवा. त्या तशाही रिकाम्या राहतात, मी डोळ्यांनी बघितल्यात.

नाट्यवेडी

काका, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. खालच्या मागच्या रांगांची सूचना कुणीही निर्मात्याने उद्यापासून अमलात आणावी.

@रंगभाषा, गायकांच्या पाय रोवून उभं राहण्याबद्दल सहमत. पण भाऊराव कोल्हटकरांना किर्लोस्करांनी सुभद्रा दिली ती गळ्यासाठीच ना? म्हणजे पहिल्या संचापासून गळ्याला किंमत होती. दोन ओळी सुरात म्हणणारा कृष्ण मला चालेल, पण ते दोन ओळींचे सूर त्याचे स्वतःचे असू देत.

फोंड्याहून

गोव्यातला अनुभव सांगतो. आमच्याकडे देवळाच्या उत्सवात संगीत नाटकं अजून होतात, ‘सौभद्र’ही होतं. गावचेच नट, गावचेच तबलजी, तिकीट नाही. लोक खुर्ची घरून आणतात. खर्च वर्गणीतून आणि ज्याच्याकडे त्या दिवसाचा उत्सव त्याच्याकडून निघतो. कृष्ण शाळामास्तर असतो, कधी बँकेतला. सगळे गातात. कुणी सुरेल, कुणी कमी, पण ट्रॅक लावायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. आमच्या मंगेशी गावाने दीनानाथ मंगेशकर दिले, जितेंद्र अभिषेकी दिले. ही माती अशाच उत्सवांची.

तेव्हा ‘गाणारा नट मिळतच नाही’ हे मला पटत नाही. मिळतो, फक्त तो मुंबई-पुण्याच्या जाहिरातीत दिसत नाही.

तिसरी घंटा

@फोंड्याहून, तुमच्याकडे थिएटरचं भाडं देऊळ भरतं आणि नट नाईट घेत नाही. तो हिशेब पुण्याला कसा लावू? गावचा मास्तर महिन्यातून चार रात्री पुणे-नाशिक-सांगली फिरेल का?

पडदा वर

महाग तिकिटावरून एक आठवण द्यायला हवी. ८ जुलै १९२१ ला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर, दोन स्पर्धक कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. टिळक स्वराज्य फंडासाठी प्रयोग होता. तिकिटं तेव्हाच्या मानाने अतोनात चढी होती, तरी गर्दी मावेना. रसिक दर बघून मागे हटत नाही, समोर काय मिळणार हे बघून ठरवतो.

जुना प्रेक्षक

@पडदा वर, तो एका फंडासाठीचा खास प्रयोग होता. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले, असा योग पुन्हा येणार नव्हता. त्याच्या दाखल्यावर रोजच्या प्रयोगाचा दर ठरवू नका. आणि गर्दी मावेना म्हणताना बाहेर कोण राहिलं तेही बघा. पैसा नव्हता म्हणून जे आलेच नाहीत त्यांची नोंद कुठे होते?

पेटीवाला

काका, हे फार बरोबर बोललात.

@तिसरी घंटा, एक व्यवहारी उपाय सुचवतो. कृष्णाची पदं त्या नटाच्या पट्टीत बसवा. मूळ पट्टी वर जाते म्हणून त्याला भीती वाटत असेल, तर खाली घ्या, आम्हाला काहीच त्रास नाही. ताना काढून टाका. ‘थंडगार वात सुटत, दीपतेज मंद होत’ या ओळी पहाटेच्या आहेत, बायकोशी हलक्या आवाजात बोलायच्या. त्यांना मोठा गळा लागतच नाही. महिनाभर रोज एक तास माझ्यासारख्या कुणाकडे पाठवा, तो म्हणू शकेल.

तिसरी घंटा

त्याच्या तारखाच चित्रीकरणात अडकलेल्या असतात, महिनाभर रोजचा तास मिळणं अशक्य. पण पट्टी खाली घेऊन एकच कडवं बसवायचं, हे करता येईल. माझ्या ओळखीत असा एक संच तालमीला बसतोय, त्यांच्याकडे मी हे बोलतो. जाहिरातीत ‘ट्रॅक’ छापायला मात्र कुणी तयार होणार नाही, हे आताच सांगतो.

नाट्यवेडी

छापू नका, फक्त लावू नका. एक कडवं, त्याच्या पट्टीत, ऑर्गनच्या साथीवर. थोडं बेसूर झालं तरी मी ऐकून घेईन आणि इथे येऊन चांगलंच लिहीन. आणि काकांच्या मागच्या चार रांगांचंही त्यांच्याशी बोला. दर काय ठरतो ते कळलं की इथे टाका, आम्ही ओळखीच्यांना घेऊन येतो.