जुन्या गाडीचं काचेवर मारायचं पाणी टाकीतच टिकत नाही, मोटर बदलू की टाकी?

धोपावेकर:
नमस्कार मंडळी. 2006 सालची छोटी पेट्रोल गाडी आहे. इंजिन ठणठणीत, पण वॉशरची टाकी संध्याकाळी गळ्यापर्यंत भरली तरी सकाळी निम्मी. पुढच्या डाव्या चाकामागे जमीन ओली. बटण दाबलं की मोटरचा आवाज येतो. उजव्या नोझलमधून पाणी नीट येतं, डाव्यातून नुसता थेंब.

कामासाठी धोपावे-दाभोळ फेरीबोटीने गाडी पलीकडे न्यावी लागते. वारा असला की काचेवर खाऱ्या पाण्याचा थर बसतो. त्यावर कोरडा वायपर फिरवला की काच पांढुरकी होते आणि दाभोळचा चढ चढताना ऊन समोर आलं की रस्ताच दिसत नाही. मोहोराच्या दिवसांत गाडी कलमाखाली उभी असली की वरून तुडतुड्यांचा चिकटा पडतो, तो वेगळाच. गॅरेजमध्ये म्हणाले, मोटरसकट अख्खा सेट बदला. एवढं करायची खरंच गरज आहे का?

खेर्डीचा_मेस्त्री:
भाऊ, मोटर फिरतेय ना? मग तिच्यावर पैसे घालू नका. तुमच्या गाडीत दोन वेगळे बिघाड दिसतायत.

गाडी उभी असताना गळतंय म्हणजे टाकी, मोटरचं रबर बुश (मोटर टाकीत शिरते तिथली रबरी कडी) किंवा खालचा पाइप. ही मोटर बंद असली तरी पाणी अडवत नाही. टाकीत जेवढी पातळी, तेवढ्या उंचीपर्यंत पाइपातही पाणी उभं असतं. म्हणून बटण न दाबताही खालचा पाइप गळू शकतो.

आता एक करा. टाकी भरा, पाण्यात पातळ निळीचे दोन थेंब टाका, खाली पुठ्ठा अंथरा आणि पूर्ण दिवस गाडी हलवू नका. पातळी निम्म्यावर येऊन तिथेच थांबली तर चीर त्या उंचीवर आहे. तळापर्यंत रिकामी झाली तर गळती खाली आहे. चाकाच्या आतली प्लास्टिकची लायनिंग सोडवलीत की निळा माग डोळ्यांनी दिसेल.

धोपावेकर:
केलं. टाकी पूर्ण रिकामी. निळा ओघळ मोटर टाकीत शिरते तिथून, रबराच्या कडेने सुरू होतोय. पाइप कोरडा आहे.

खेर्डीचा_मेस्त्री:
झालं तर मग, बुशच गेलंय. इतक्या वर्षांत ते रबर कडक होतं आणि कड धरत नाही. वायरचा कनेक्टर काढा, मोटर टाकीला धरून बसलेली असते ती हलक्या हाताने ओढा. जुनं बुश खिशात घालून स्पेअर पार्टच्या दुकानात जा. तुमच्या मॉडेलचं नसलं तरी बाहेरचा व्यास, आतलं भोक आणि खाचेची जाडी जुळली की दुसऱ्या गाडीचं चालतं.

नवीन बुश साबणाच्या पाण्यात बुडवून आधी टाकीत बसवा, मग त्यात मोटर दाबा. सिलिकॉन अजिबात लावू नका. पुढच्या वेळी मोटर निघत नाही, आणि त्याचे तुकडे सुटून नोझलमध्ये अडकतात. बुशाच्या आतल्या टोकाला जाळी असेल तर धुऊन घ्या. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर चढतोच. तो बारीक पॉलिश पेपरने घासून थोडं पेट्रोलियम जेली लावा.

डावं नोझल: पाइप काढून बटण दाबा. पाइपातून जोरात आलं तर नोझल तुंबलंय, बारीक सुई फिरवा. पाइपातूनच कमी आलं तर टी-जॉइंट (जिथे पाइप दोन नोझलांकडे फुटतो तो जोड) किंवा बॉनेटच्या बिजागरीजवळचा पाइप बघा. बॉनेट उघडझाक करताना तो तिथेच दुमडून चिरतो.

देवगडचो_चालक:
माका वाटता आधी उंदराचो बंदोबस्त करा. पावसाळ्यात ते बॉनेटखाली ऊब शोधून येतात आणि हा पाइप कुरतडतात. तुकडा बदलताना जुना नमुना बरोबर न्या. पाइप सैल असला तर दाबाने सुटतो.

अंजनवेलची_वहिनी:
पुढे कुणाची टाकीच चिरली असेल तर सांगते, त्यावर इपॉक्सी लावून उपयोग होत नाही. या टाक्या बहुतेक पॉलिथिनच्या असतात, त्याला काही धरत नाही. सोल्डरिंगच्या गरम टोकाने त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून सांधावं लागतं, नाहीतर टाकी बदलायची.

पाणी कुठलं भरता त्यावरही लक्ष ठेवा. क्षाराचं पाणी नोझल हळूहळू बंद करतं. मी फिल्टरचं पाणी भरते. चिकट्यासाठी त्यात काच धुवायचं लिक्विड घालते. कपड्यांची पावडर नको, तिचा साका बसतो.

धोपावेकर:
दुसऱ्या मॉडेलचं बुश चिपळुणात मिळालं, अगदी घट्ट बसलं. पुठ्ठा कोरडा आहे. नोझलमध्ये पांढरा खडा होता, सुईने निघाला. मागच्या काचेलाही हीच टाकी आहे, तिची मोटर वेगळी. तिचं बुशही आत्ताच बदलू का?

खेर्डीचा_मेस्त्री:
बदला. लायनिंग उघडीच आहे आणि ते रबरही तेवढंच जुनं. काम होईपर्यंत टाकी रिकामी असताना बटण दाबू नका, कोरडी फिरून मोटर जळते.