मदत हवी आहे: वॅगनआरचा पुढचा डावा बॉल जॉईंट गेलाय म्हणतात. नुसता जॉईंट बदलू की पूर्ण लोअर आर्म?

कोयनाकाठ:

नमस्कार मंडळी,

गाडी वॅगनआर, २०१४ ची, ९२ हजार किलोमीटर झालेली. आमचं गाव पाटण तालुक्यात. आईला दर पंधरवड्याला कराडला दवाखान्यात न्यावं लागतं, शिवाय महिन्यातून एखादी फेरी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला बहिणीकडे होते. मागच्या सीटवर आई आडवी झालेली असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

गेल्या पावसाळ्यानंतर पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज येतोय. मोठ्या खड्ड्यात येत नाही. डांबराची ठिगळं मारलेल्या रस्त्यावर पंधरा-वीसच्या वेगात गेलं की टक् टक्, कुणी बारीक हातोडीने लोखंडावर मारावं तसा. अंगणातून गाडी मागे घेताना स्टिअरिंग पूर्ण कापलं की करकर येते. डाव्या टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलीय. हायवेला गाडी सरळ रेषेत राहत नाही, स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं.

पहिल्या गॅरेजने दोन्ही लिंक रॉड बदलले. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसरे म्हणाले बॉल जॉईंट गेलाय, पूर्ण लोअर आर्म (चाकाला खालून धरून ठेवणारा लोखंडी हात) टाका. तिसरे म्हणाले आर्म चांगला आहे, जुना जॉईंट काढून नवा दाबून बसवतो, निम्म्याहून कमी पैशात होईल. एकाही ठिकाणी मला तो प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, माझ्या हाताला लावून दाखवला नाही, हे मनाला लागलंय. पैसे द्यायला मी तयार आहे, पण काय बिघडलंय ते कळून द्यायचे आहेत.

वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ते म्हणतात, आमच्या गाड्यांना किंगपिन असायचे, वेळेवर ग्रीस मारलं की वर्षानुवर्षं चालायचे, यालाही मारून बघ.

तर बॉल जॉईंटच गेलाय हे घरी कसं तपासू? ग्रीसने भागेल का? जॉईंट की आर्म? आणि सोमवारी कराडची फेरी आहे, तोवर गाडी चालवू का?

जुना फिटर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. सोमवारी आईंना दुसऱ्या गाडीने न्या. तपासणी होईपर्यंत ही गाडी घाटात तर अजिबात नको.

का ते सांगतो. बॉल जॉईंट म्हणजे आपल्या खुब्याच्या सांध्यासारखाच प्रकार. सुपारीएवढा पोलादी गोळा, त्याला दांडा, आणि गोळा फिरतो ती वाटी. आत प्लॅस्टिकचं अस्तर आणि ग्रीस, वरून रबराचं बूट. वाटी लोअर आर्ममध्ये असते, दांडा नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागात. चाक वर-खाली होतं तेही याच्यावर आणि स्टिअरिंगबरोबर वळतं तेही याच्यावर. वडील म्हणतात ते किंगपिनसाठी अगदी बरोबर आहे. तिथे सलग ॲक्सल असतो, वर-खाली होण्याचं काम पाटे करतात, किंगपिनला फक्त वळायचं असतं आणि ग्रीस भरायला निपल असतं. तुमच्या गाडीचा जॉईंट कारखान्यातून बंद होऊन येतो. बूट फाटलं की पाणी आणि चिखल आत, ग्रीस बाहेर, आणि अस्तर खरवडलं जातं. झिजलेल्या वाटीत सिरिंजने ग्रीस भरलं तर आवाज थोडे दिवस दबेल. प्ले तसाच राहील आणि तुम्ही निर्धास्त व्हाल, म्हणून ते करूच नका.

वॅगनआरला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात. गाडीचं वजन स्प्रिंगमधून आणि स्ट्रटमधून उतरतं, खालच्या बॉल जॉईंटवर ते फारसं येत नाही. म्हणून तो बराच झिजेपर्यंत गप्प राहतो. पण ब्रेकचा मागे ओढणारा जोर आणि वळणातला आडवा जोर पेलायला खाली दुसरं कुणी नाही. गोळा वाटीतून निसटला तर चाकाचा खालचा भाग सुटतो, चाक फेंदारतं, त्या ओढीत ड्राइव्ह शाफ्टही (इंजिनचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा) निखळू शकतो. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, ते चाक तुमचं ऐकत नाही. वर्कशॉपच्या दारात असं चाक पसरून आलेल्या दोन गाड्या मी पाहिल्यात. दोन्ही नशिबाने कमी वेगात होत्या.

आता तपासणी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड. पुढची बाजू जॅकने उचला आणि घोडी लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. चाक लोंबकळतं राहू दे. घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. त्याच वेळी दुसऱ्याने आर्म आणि नकलच्या सांध्यावर बोट ठेवावं. कानापेक्षा बोटाला लवकर कळतं. प्ले लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर व्हील बेअरिंगवर संशय. तसाच राहिला तर खालचा सांधा. मग बोट काढून आर्म आणि नकलच्या फटीत टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच खाली दाबा. बूट फाटणार नाही एवढी काळजी घ्या. चांगला जॉईंट आर्मबरोबर एकजीव वाटतो, गेलेला टक् करून सरकतो. नऊ आणि तीनला धरून हलवलं आणि तिथे प्ले आला तर टायरॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) बघा.

कळवा काय सापडतं ते.

पिंपरीवाला:

वरच्या प्रतिसादाशी सहमत. माझ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना असाच आवाज यायचा, तो वरच्या स्ट्रट माउंटचा निघाला. गाडी उभी करून एकाला स्टिअरिंग हळू फिरवायला लावा आणि स्प्रिंगच्या बाहेरून तळवा टेकवा, बोटं वेटोळ्यांच्या मध्ये नकोत. स्प्रिंग अडकून एकदम उडी मारते असं जाणवलं तर दोष वर आहे.

लेस्टरहून:

मी नाशिकचा, इथे इंग्लंडमध्ये गाडीला तीन वर्षं झाली की दरवर्षी एमओटी तपासणी लागते. २०१८ पासून त्यात दोषांच्या पायऱ्या आहेत. बॉल जॉईंट जास्त झिजलेला असेल तर गाडी नापास, आणि निखळण्याच्या बेतात असेल तर थेट 'धोकादायक', म्हणजे दुरुस्तीशिवाय ती रस्त्यावर न्यायचीच नाही. मला पटलेली गोष्ट अशी की जॉईंट घट्ट असला तरी रबर फाटून आत घाण जाऊ लागली असेल तर तेवढ्यावरही नापास करतात. आपल्याकडे खाजगी गाडी पंधरा वर्षांनी फिटनेसला जाते, मधली सगळी वर्षं नजर आपणच ठेवायची.

सुमोवाला:

धागा पळवत नाही, एकच विचारतो. माझी जुनी सुमो आहे, हीच तपासणी चालेल का?

जुना फिटर:

नाही. वर-खाली दोन आर्म आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली, अशा गाडीत खालचा जॉईंट वजन पेलतो. चाक लोंबतं ठेवलं तर स्प्रिंगच सांध्याला ताणून धरते आणि प्ले लपतो. जॅक खालच्या आर्मखालीच, चाकाच्या जवळ लावा, म्हणजे स्प्रिंग दबेल आणि सांधा मोकळा होईल. मग हलवा.

कोयनाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला शेजाऱ्यांच्या गाडीने नेलं. काल सकाळी पुतण्याला घेऊन अंगणात तपासणी केली.

बारा-सहाला धरून हलवलं, आवाज अगदी बारीक. पण पुतण्याचं बोट सांध्यावर होतं, तो लगेच म्हणाला, "काका, हलतंय." ब्रेक दाबूनही तसंच. टॉमीने तर डोळ्यांना दिसेल इतकं सरकलं. बॅटरी मारून पाहिलं तर रबराला मागच्या बाजूने बोटभर चीर. आतून आलेलं ग्रीस चिमटीत घेतलं, विटकरी रंगाचं होतं आणि वाळूसारखं कचकचलं. वडिलांनीही बोट लावून पाहिलं, म्हणाले याला ग्रीस मारून उपयोग नाही.

उजवीकडे प्ले नाही, रबर शाबूत. आता आर्म की जॉईंट तेवढं सांगा. आणि उजवीकडचाही बदलू का?

जुना फिटर:

छान तपासलंत. माझं मत: डावीकडे पूर्ण आर्म.

पोलोसारख्या काही गाड्यांत जॉईंट तीन बोल्टांवर आर्मला जोडलेला असतो, तिथे नुसता जॉईंट बदलणं हीच योग्य रीत. काहींत तो दाबून बसवलेला असतो आणि सर्कलिपने अडवलेला. तिथेही चांगला प्रेस आणि आर्मचं भोक शाबूत असेल तर हरकत नाही. पण जो आर्म जॉईंटसकट एकच नग म्हणून बनलाय, त्याचा जुना जॉईंट ठोकून काढून तिथे बाजारातला नवा बसवायचा, तर तो किती घट्ट बसलाय हे बाहेरून कळत नाही. सैल वाटला म्हणून वेल्डिंगचे टाके मारणारेही आहेत. त्या उष्णतेने आतलं अस्तर जळतं. तुम्हाला तो मिस्त्री असं सुचवू लागला तर गाडी तिथून काढा. शिवाय ९२ हजारांनंतर आर्म गाडीला जोडणारी रबरी बुशंही थकलेली असणार. आर्म बदलला की तीही नवी होतात. टायरची आतली कड खाल्लीय म्हणजे खड्ड्यात आर्म वाकलाही असू शकेल, तोही प्रश्न मिटेल.

उजवीकडे प्ले नाही, रबर चांगलं, मग कशाला बदलायचं? जोडीनेच बदला असं बरेच जण सांगतात. ते शॉकअपना लागू पडतं, इथे तशी सक्ती नाही. दर सर्व्हिसिंगला त्या रबरावरून बोट फिरवा.

काम करून घेताना समोर उभे राहा. दांडा नकलमध्ये एका आडव्या बोल्टने आवळलेला असतो आणि त्या बोल्टसाठी दांड्याला खाच असते. दांडा पूर्ण आत बसला तरच बोल्ट सहज पलीकडे जातो. अडला तर हातोडी मारायची नाही, दांडा पुन्हा नीट बसवायचा. बोल्ट नवा टाका. नकल बाहेर ओढताना ड्राइव्ह शाफ्ट ताणला जाता कामा नये. (ज्या गाड्यांत निमुळता दांडा आणि स्प्लिट पिन असते, तिथे पिनचं भोक जुळवायला नट कधीही सैल करू नये, पुढेच आवळावा.) आणि सगळ्यात जास्त चुकतं ते हे: बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना पक्के आवळतात. चाकं जमिनीवर येऊन गाडी आपल्या उंचीवर बसली की मगच ते मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळायचे, नाहीतर बुशातलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग अलाइनमेंट, ते टाळू नका.

कोयनाकाठ:

काम झालं. कराडला एका गॅरेजमध्ये केलं, गाडी तिथवर टोइंगने नेली. कंपनीचाच आर्म घेतला. नकलमधला बोल्ट गंजून बसला होता, तो निघायलाच दीड तास गेला. मिस्त्री जाणते होते. बुशांचे बोल्ट खाली उतरवून आवळाल ना, असं मी विचारलं तर म्हणाले, "हे विचारणारे तुम्ही पहिलेच." आणि तसंच केलं.

जुना आर्म घरी आणलाय. नव्याचा दांडा हाताने फिरवायला जोर लागत होता. जुन्याचा नुसत्या करंगळीने लोळतो, वर ओढला तर वाटीतून उचलला जातो आणि सोडला की टक् करतो. तोच आवाज, वर्षभर ऐकलेला. वडील संध्याकाळी बराच वेळ तो हातात घेऊन बसले होते.

आवाज बंद, करकर बंद, हायवेला गाडी सरळ. अलाइनमेंटही केलं, टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप) बराच बाहेर होता. एकच राहिलं, त्या आतून झिजलेल्या टायरचं काय करू?

जुना फिटर:

वा, ऐकून बरं वाटलं. टायरच्या खाचांमध्ये झिजेच्या आडव्या पट्ट्या असतात, १.६ मिलिमीटरच्या. आतली कड पट्टीपर्यंत आली असेल तर टायर काढाच, तुम्हाला पावसात घाट उतरायचा असतो. बाकी असेल तर राहू द्या, आणि हजार किलोमीटर झाले की त्याच कडेवरून तळहात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने टोचरं लागलं तर टो पुन्हा बघून घ्या.